कटी, कड आणि कंबर

मराठी माणूस मूल कडेवर घेतो, काम कंबर कसून करतो आणि भूगोलाच्या पेपरात उष्ण कटिबंधाचं उत्तर लिहितो. तिन्ही ठिकाणी शरीराचा भाग एकच आहे. शब्द मात्र तीन, तीन वेगवेगळ्या काळांतले. 'कटी' संस्कृतातून जशीच्या तशी आली. 'कड' ही तिचीच लेक. वटचा वड, घोटकचा घोडा आणि कीटकाचा किडा झाला, तशी ट चा ड होऊन घडलेली. 'कंबर' आली फारसीतून. एकाच अर्थाचे शब्द भाषेत शेजारी येऊन राहिले की बहुधा एखादा मागे पडतो. इथे तिघांनी कामं वाटून घेतली. घरातलं लेकरू कडेला, कष्ट आणि दुखणं कमरेला, शास्त्र आणि वैद्यक कटीला.

या तिघांच्या वापरामागे एक समान कल्पना सापडते. आपल्या भाषेने शरीराच्या या मधल्या भागाकडे आधी बांधायची जागा म्हणून पाहिलं आणि मग बळाची जागा म्हणून. नाजूक कंबर आणि सिंहकटी या कवींच्या लाडक्या गोष्टी. रोजच्या बोलण्यातली कंबर कष्टाळू आहे.

कंबर नेमकी कुठे?

शरीरशास्त्राच्या दृष्टीने शेवटच्या बरगडीपासून खाली नितंबाच्या हाडाच्या वरच्या कडेपर्यंतचा पट्टा म्हणजे कंबर. छातीला बरगड्यांचा पिंजरा आहे, खाली ओटीपोटाभोवती हाडांचं मजबूत कडं आहे. मधल्या या टप्प्यात हाडं म्हणाल तर फक्त पाठकण्याचे पाच मणके. बाकी सगळी भिस्त स्नायूंवर. पिंजरा नसल्यामुळेच आपण इथे वाकू शकतो, वळू शकतो. वरच्या सगळ्या शरीराचा भार याच पाच मणक्यांवरून खाली उतरतो. म्हणून ते मानेच्या आणि पाठीच्या मणक्यांपेक्षा आकाराने मोठे व जाड असतात.

मराठी बोलणारा मात्र या पट्ट्याचे दोन भाग करतो. समोरचं ते पोट, मागचं आणि बाजूचं ती कंबर. 'कंबर दुखतेय' म्हटलं की ऐकणाऱ्याला मागचा भाग कळतो, 'पोट दुखतंय' म्हटलं की पुढचा. शिंपी मात्र 'कंबर किती?' असं विचारतो तेव्हा त्याला पूर्ण घेर हवा असतो. शब्द तोच, पण दवाखान्यात त्याचा अर्थ वेगळा आणि शिंप्याच्या फितीखाली वेगळा.

मधला 'ब' कुठून आला?

फारसीत 'कमर' म्हणजे कंबर, आणि कमरेचा पट्टासुद्धा. डोंगराच्या मधल्या भागालाही फारसीत कमरच म्हणतात. या शब्दाचं जुनं रूप पारशांच्या धर्मग्रंथाच्या, म्हणजे अवेस्ताच्या, भाषेत 'कमरा' असं आहे आणि त्याचा अर्थ पट्टा. म्हणजे नाव आधी पट्ट्याचं होतं. पुढे पट्टा जिथे बांधतात त्या अवयवालाही ते चिकटलं.

हिंदीत कमर कमरच राहिली. मराठीत तिची कंबर झाली. हा मधला ब उगाच आलेला नाही. 'म' म्हणताना ओठ मिटलेले असतात आणि हवा नाकातून जाते. पुढे लगेच 'र' म्हणायचा असेल, तर नाकाची वाट बंद होणं आणि ओठ उघडणं या दोन गोष्टी एकाच क्षणी व्हाव्या लागतात. नाकाची वाट जरा आधी बंद झाली की मिटलेल्या ओठांतून ब निसटतो. 'आम्र' हा शब्द सावकाश आणि ठासून म्हणून पाहा, तो ब ओठांवर जाणवेल. याच वाटेने आम्रचा आंबा झाला, ताम्रचं तांबं झालं.

हे फक्त आपल्याकडेच घडतं असंही नाही. लॅटिन 'नुमेरुस'मध्ये ब नव्हता. फ्रेंचांच्या तोंडी तो शिरला आणि इंग्रजीमार्गे आपल्याकडे 'नंबर' आला. लॅटिन 'कामेरा' म्हणजे खोली. फ्रेंचमधून ती 'चेंबर' होऊन आली आणि ब न घेता थेट लॅटिनमधून आली तेव्हा 'कॅमेरा' झाली. आंबा, तांबं, कंबर, नंबर, चेंबर या सगळ्यांतला ब एकाच कारणाने आलेला आहे.

आणखी एक गंमत रोज आपल्या तोंडी असते, पण लक्षात येत नाही. आपण 'कंबर' म्हणतो, पण विभक्ती लागली की बहुतेकदा 'कमरेला', 'कमरेवर', 'कमरेत' म्हणतो. ब गेला आणि फारसी कमर परत दिसू लागली. 'कंबरेला' म्हणणारेही आहेत, तेही बरोबरच. पण एकाच माणसाच्या एकाच वाक्यात 'कंबर धरलीय, कमरेला शेक दे' अशी दोन्ही रूपं सुखाने नांदतात.

कमरेभोवती बांधायचा तो 'कमरबंद'. हा शब्द हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी उचलला, त्याचा 'कमरबंड' केला आणि आज तो जगभर पुरुषांच्या मेजवानीच्या पोशाखातल्या रुंद रेशमी पट्ट्याचं नाव आहे.

बांधायची जागा

कमरेला काहीतरी बांधणं म्हणजे एखादी जबाबदारी स्वीकारणं, ही समजूत आपल्याकडे फार जुनी आहे आणि ती शब्दांत गोठून राहिली आहे. 'मुंज' हेच नाव घ्या. मुंज हे एका गवताचं नाव. त्या गवताची तीनपदरी मेखला बटूच्या कमरेला बांधायची, म्हणून तो विधी मौंजीबंधन. गळ्यातलं जानवं आज जास्त ठळक दिसत असलं, तरी मराठीने विधीला नाव दिलं ते कमरेच्या गवतावरून. विद्याभ्यास संपल्यावर ती मेखला सोडायची, ती 'सोडमुंज'. बांधलं तेव्हा शिक्षणाला लागला, सोडलं तेव्हा संसाराला मोकळा झाला.

पारशी समाजात याच्याशी थेट नातं सांगणारी गोष्ट आहे. नवजोत, म्हणजे धर्मदीक्षा, झालेली पारशी व्यक्ती, मुलगा असो की मुलगी, कमरेला 'कुस्ती' बांधते. ही लोकरीच्या ७२ धाग्यांची असते. पारशांच्या यस्न या धर्मग्रंथाचे अध्यायही ७२. तिचे कमरेभोवती तीन वेढे घेतात, पुढे आणि मागे गाठ मारतात, आणि दिवसातून अनेकदा प्रार्थना म्हणत ती सोडून पुन्हा बांधतात. कोल्हापूरच्या तांबड्या मातीतली कुस्तीही फारसीतूनच आलेली, आणि तिचं मूळ पहलवीतल्या, म्हणजे मध्यकालीन फारसीतल्या, याच 'कुस्तीग'मध्ये, म्हणजे कमरेच्या पट्ट्यात आहे, असं मानलं जातं. एकमेकांचा पट्टा धरून झुंजायचं, म्हणून ती कुस्ती. नवजोतीतली आणि आखाड्यातली, दोन्ही कुस्त्या कमरेपाशी भेटतात.

घराघरातलं बांधणं साधं. तान्ह्या मुलाच्या कमरेला काळा करदोटा. कुठे त्याला करगोटा म्हणतात, कुठे करदोडा, कुठे कडदोरा. या शेवटच्या रूपात 'कड' आणि 'दोरा' अजून स्वच्छ दिसतात. ऐपत असेल तर तो चांदीचा. दृष्ट लागू नये म्हणून बांधलेल्या या दोऱ्याचा आणखी एक उपयोग घरातल्या वडीलधाऱ्या बायका जाणून असतात. आंघोळ घालताना त्यात बोट घालून पाहिलं की मूल भरतंय की रोडावतंय याचा अंदाज येतो. दोरा रुतायला लागला की सैल करून बांधायचा, लोंबायला लागला की काळजी करायची. वजनकाटा घरात नसताना हे माप रोज हाताशी होतं.

दागिन्यांची यादी तर संस्कृत कोशातच आहे. अमरकोशाने स्त्रीच्या कमरेच्या दागिन्याला मेखला, कांची, सप्तकी, रशना आणि सारसन अशी पाच नावं दिली आहेत आणि पुरुषाच्या कमरेसाठी 'शृंखल' हे वेगळं नाव नोंदवलं आहे. मराठीत आज कंबरपट्टा आणि किल्ल्या अडकवायचा छल्ला उरले. कमरेला किल्ल्यांचा जुडगा ही घरच्या कर्त्या बाईची खूण होती. धोतराच्या किंवा लुगड्याच्या कमरेच्या घडीत पैसे, सुपारी ठेवायची जागा ती कनवटी. बँक गावात नव्हती तेव्हा 'कनवटीला चार पैसे असणं' हीच पत होती.

'कास' हा शब्दही याच परिसरातला. कमरेशी खोचलेलं वस्त्र ती कास. पोहता न येणारा माणूस पोहणाऱ्याची कास धरून नदी पार करी. म्हणूनच 'विज्ञानाची कास धरा' असं आपण म्हणतो, तेव्हा त्या वाक्यात एक भरलेली नदी असते, आणि कमरेच्या वस्त्राला घट्ट धरलेला एक हात.

बळ, लाज आणि माप

बांधणं समजलं की वाक्प्रचार आपोआप उलगडतात. धोतर, शेला, लुगडं नेसणाऱ्याला धावायचं, लढायचं किंवा शेतात उतरायचं तर आधी कमरेचं वस्त्र आवळून खोचावं लागे. म्हणून 'कंबर कसणे' म्हणजे तयारीला लागणे. बाई पदर कमरेला खोचते तेव्हा ती कामाला लागली हे वेगळं सांगावं लागत नाही. 'शासन कटिबद्ध आहे' या वाक्यातला 'कटिबद्ध' हा तोच अर्थ संस्कृतात सांगतो: कंबर बांधलेला.

उलट बाजूला 'कंबर खचणे' म्हणजे धीर सुटणे. 'कंबरडं मोडणे' हे त्याहून कठोर. महागाईने, कर्जाने, अवकाळी पावसाने कंबरडं मोडतं, तेव्हा माणूस जिवंत असतो पण उभा राहू शकत नाही. पाच मणक्यांवर सगळा भार असतो हे शरीरशास्त्र न शिकता भाषेने किती अचूक ओळखलं, याचं मला नेहमी अप्रूप वाटतं. 'कमरेत वाकून मुजरा' यात आदर आहे आणि 'कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळणे' यात लाज सोडल्याचा सगळा संताप.

'कमरेखाली वार' हा शब्दप्रयोग मुष्टियुद्धाच्या नियमांतून आला असं आपल्याला वाटतं. पण नियम आपल्याकडेही होता. महाभारताच्या शल्यपर्वात भीम गदेने दुर्योधनाची मांडी फोडतो, तेव्हा बलराम नांगर उगारून धावून येतो. त्याचा आक्षेप स्पष्ट आहे: गदायुद्धात नाभीच्या खाली प्रहार करायचा नसतो.

कंबर हे मापही आहे. घोटाभर, गुडघाभर, कंबरभर, छातीभर, गळ्याइतकं, अशी ओढ्याच्या पाण्याची पायरीपायरीने मोजणी खेड्यात आजही चालते. गुडघाभर पाण्यात सगळे उतरतात, छातीभर पाण्यात पट्टीचा पोहणाराच. कंबरभर पाणी हे मधलं: सावध राहायचं, पण पाय टेकलेले असतात. पंढरीच्या विठ्ठलाच्या कटेवरच्या हातांचा एक अर्थ याच मापातून सांगितला जातो. आदि शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या 'पांडुरंगाष्टका'त तो आहे. भक्ताला तो जणू हाताने खूण करून दाखवतो की भवसागर माझ्या माणसांसाठी इतकाच खोल आहे. नदी ओलांडून, पावसात भिजत वारीला येणाऱ्या शेतकऱ्याला हे माप समजावून सांगावं लागत नाही.

पृथ्वीची कंबर आणि नागिणीचा विळखा

ग्रीक भाषेत 'झोने' म्हणजे कमरेचा पट्टा. ग्रीकांनी पृथ्वीचे हवामानानुसार आडवे पट्टे कल्पिले आणि त्यांना हेच नाव दिलं. इंग्रजी 'झोन' तिथून आला. मराठीतला 'कटिबंध' त्याच्याशी नेमका जुळतो: कटी आणि बंध. कर्कवृत्त आणि मकरवृत्त, म्हणजे उत्तर आणि दक्षिण २३.५ अंशांच्या मधला तो उष्ण कटिबंध, तिथून ६६.५ अंशांपर्यंत दोन्हीकडे समशीतोष्ण. त्यापुढे ध्रुवांपर्यंत शीत. सगळा महाराष्ट्र आणि गोवा उष्ण कटिबंधात, पृथ्वीच्या कमरेभोवतीच्या सर्वांत रुंद पट्ट्यात येतो.

'झोने'चाच भाऊ 'झोस्टर', त्याचाही अर्थ पट्टा. डॉक्टर ज्याला हर्पिस झोस्टर म्हणतात ती आपली नागीण. अंगावर, बहुधा छातीच्या किंवा कमरेच्या एका बाजूला, आगीसारखे पुरळ पट्ट्याने उठतात. ग्रीकांना त्यात पट्टा दिसला, आपल्याला सरपटणारी नागीण दिसली. नागिणीची दोन टोकं जुळली, विळखा पूर्ण झाला की माणूस दगावतो, ही भीती खेड्यापाड्यांत अजून घट्ट आहे. त्यामुळे लोक मंत्र टाकून घेतात, लेप लावतात आणि औषधाची वेळ घालवतात.

खरं कारण असं. लहानपणी कांजिण्या येऊन जातात, पण त्यांचा विषाणू मज्जारज्जूजवळच्या नसांच्या मुळाशी झोपून राहतो. वय वाढलं किंवा प्रतिकारशक्ती घटली की एखाद्या नसेत तो जागा होतो आणि त्या नसेच्या वाटेने त्वचेवर येतो. ही नस पाठकण्यापासून निघून अंगाच्या एकाच बाजूने पुढे येते आणि मध्यरेषेपाशी थांबते. म्हणून पुरळही बहुधा मध्यरेषेपाशी थांबतं. विळखा सहसा पूर्ण होतच नाही. विषाणूवरचं औषध पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू केलं तर त्याचा गुण सर्वांत चांगला येतो. हे कळणं मंत्रापेक्षा कितीतरी मोलाचं आहे.

दुखणं आणि घेर

जगात २०२० साली सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती, असा जागतिक आरोग्य अभ्यासाचा अंदाज आहे. अपंगत्वाचं हे जगातलं सर्वांत मोठं कारण मानलं जातं. आपल्याकडे कोकणात भाताची लावणी करणारी बाई पावसात तासन् तास कमरेत वाकून रोपं लावते. तिच्या पाठीवरचं बांबूचं आणि पानांचं इरलं पाहिलं तर हे काम कळतं. ते डोकं आणि वाकलेली पाठ झाकतं आणि दोन्ही हात मोकळे ठेवतं. उभ्या माणसाला त्याचा फारसा उपयोग नाही. ते वाकलेल्या कमरेच्या मापानेच बेतलेलं आहे.

ज्यांनी ही कामं केली, त्यांच्या भाषेकडे दुखण्याचे शब्दही बारीक आहेत. श्रमाने जड होते ती 'कंबर भरून येते'. सकाळी उठताना ताठरते ती 'कंबर धरते'. ओझं उचलताना स्नायू दुखावतो ती 'लचक भरते'. शिंकताना किंवा वळताना एकदम श्वास अडकवणारी कळ येते ती 'उसण भरते'. वीज जावी तशी निघते ती 'चमक'. आणि कळ कमरेतून मांडीमागून पायात उतरते, तिला आयुर्वेदाने 'गृध्रसी' म्हटलं, आधुनिक वैद्यकात ती सायटिका; बहुतेकदा मणक्यांमधली गादी सरकून नस दाबली गेल्याचं ते लक्षण असतं. रुग्णाने डॉक्टरांना हेच शब्द सांगावेत. 'दुखतंय' या एका शब्दापेक्षा 'कळ पायात उतरते' हे तीन शब्द निदानाच्या जास्त जवळ नेतात. साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत, हालचाल चालू ठेवल्याने बरी होते. पण पायातली ताकद जाणं, लघवीवरचा ताबा सुटणं, जांघेत बधिरपणा येणं, ताप किंवा वजन घटणं सोबत असेल तर घरी शेकत बसू नये, लगेच डॉक्टर गाठावा.

घरचे उपायही कंबर ओळखून असतात. बाळंतिणीची कंबर बांधतात, तिला डिंकाचे लाडू देतात. हिंदीत पळसाच्या डिंकाचं नावच 'कमरकस' आहे. महात्मा गांधींना निसर्गोपचारातलं 'कटिस्नान', म्हणजे कमरेएवढ्या पाण्यात बसणं, फार मोलाचं वाटे. पुण्याजवळ उरुळी कांचनला त्यांच्या प्रेरणेने १९४६ साली निसर्गोपचार आश्रमही उभा राहिला.

आज कमरेकडे डॉक्टर आणखी एका कारणाने पाहतात, ते म्हणजे तिचा घेर. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे दोघांचे आकडे शेजारी मांडले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचा सारखाच, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. निर्देशांकात दोघे सारखे दिसतात, पण भारतीय शरीरात त्याच वजनात चरबी जास्त, आणि ती पोटाच्या आत साठते. मधुमेह आणि हृदयविकाराशी तिचा थेट संबंध आहे. म्हणून भारतीयांसाठी धोक्याची रेषा खाली आणली आहे: पुरुषांच्या कमरेचा घेर ९० सेंटीमीटर आणि स्त्रियांचा ८० सेंटीमीटर. माप घेताना फीत पँटच्या पट्ट्याच्या जागी धरू नये. शेवटची बरगडी आणि नितंबाचं हाड बोटांनी चाचपावं, त्यांच्या बरोबर मध्ये फीत आडवी धरावी, पोट आत न ओढता साधा श्वास सोडावा आणि आकडा वाचावा.

शाळेतल्या मुलाला 'कटिबंध' हा पाठ करायचा शब्द वाटतो, कारण कटी म्हणजे कंबर हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. भूगोलाच्या शिक्षकाने वर्गात एका मुलाच्या कमरेला पट्टा बांधून दाखवावा आणि म्हणावं, हाच कटिबंध. पृथ्वीलाही असे बांधलेत. आरोग्यसेविकेने गावात नागिणीबद्दल बोलताना नसेची वाट कमरेवर बोटाने काढून दाखवावी. डॉक्टरांनी रुग्णाला उसण आहे की लचक, हे त्याच्याच शब्दांत विचारावं. घरात शिकलेला शब्द पुस्तकातल्या शब्दाशी असा जोडला गेला की ज्ञान परकं वाटत नाही. मराठीत ही जोडणी करायला लागणारं सगळं सामान आधीच तयार आहे. ते वापरायला आता आपणच कंबर कसायची आहे.